एकेचाळीस ग्रॅम

बाजारपेठेत सगळे त्यांना काटेतोल म्हणत, पण मागून. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात चौतीस वर्षं घासलेला माणूस तो. दुकानाच्या पायरीवर त्यांचा बूट वाजला की आतला दुकानदार उगाचच काटा पुसायला लागायचा. घरीही तीच तऱ्हा. चहात साखर एक चमचा, पण तो चमचासुद्धा बोटाने सपाट करून. बायको म्हणायची, "ह्यांना स्वर्गात नेलं तर हे दारातच थांबतील. आधी तुमचा पापपुण्याचा तराजू दाखवा म्हणतील."

खात्याचा एक नियम तर त्यांच्या हाडीमांसी मुरलेला. एकट्या माणसाने पाहिलेलं वजन हे वजनच नव्हे. वहीत दोन सह्या पाहिजेत, एक तोलणाऱ्याची आणि एक बघणाऱ्याची. एकच सही असेल तर ती नुसती बात झाली, असं ते म्हणायचे, आणि निवृत्त झाल्यावरही म्हणतच राहिले.

बायकोचा कारभार मात्र सगळा अंदाजपंचे. मीठ चिमटीने, तेल डोळ्यांनी. आणि तरी कशात काही बिघडायचं नाही, हेच तर काटेतोलांना झोंबायचं.

अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या मुलीने, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेल्यावर, आईला पावाचं मशीन पाठवलं. पांढरी पेटी, वर झाकणाला काचेची खिडकी. आत सगळं ओतायचं, बटण दाबायचं, की मळणं, फुगणं, भाजणं सगळं आपोआप. बायको हरखून गेली. दर रविवारी आणि गुरुवारी दुपारी गोड पाव ठरलेला. काटेतोलांनी सगळी मापं ग्रॅममध्ये काढून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून दिली. दूध, लोणी, साखर, मीठ, मैदा, यीस्ट. ह्याच क्रमाने, एक ग्रॅम इकडेतिकडे नाही.

भांडण झालं ते सातव्या जिनसावरून. मळून अर्धा तास झाला की मशीन दहा वेळा टीं टीं करायचं. तेव्हा बेदाणे टाकायचे. काटेतोलांना बेदाणे मुळीच खपत नसत. पावात बेदाणा म्हणजे त्यांच्या मते उशीत खडा. "ते राहू दे की," ते म्हणायचे. "ते मागतंय," बायको म्हणायची, "मागणाऱ्याला नाही म्हणू नये," आणि बरणीत हात घालून एक मूठ सोडून द्यायची.

"मूठ म्हणजे किती?" त्यांनी एकदा विचारलं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची."

झालं. काटेतोल उठले, स्वयंपाकघरातला वजनकाटा ओट्यावर ठेवला आणि तिला दहा मुठी घ्यायला लावल्या. नऊ वेळा एकेचाळीस ग्रॅम आले. एकदा चाळीस आले, तर एक बेदाणा तिच्या बोटाला चिकटलेला निघाला. भल्याभल्या दुकानदारांना घाम फोडणाऱ्या माणसाने हार मानली. मग सरळ मनाने कपाटाच्या दारावर लिहिलं, "एक मूठ = ४१ ग्रॅम", खाली सही केली. शेजारी तिनेही केली, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढून.

आठ महिन्यांपूर्वी दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. मशीनवर टॉवेल पडला तो पडलाच.

मग नळाचं प्रकरण झालं. काटेतोल बादली लावून बाहेर गेले आणि नळ वाहता राहिला. पाणी झिरपत झिरपत खालच्या टेलरबाईंच्या घरात उतरलं, शिवायला आलेले कपडे भिजले. टेलरबाई भली बाई, काही बोलली नाही, पण मुलीला तेवढा फोन केला. मुलीने बापाला फोन केला.

"बाबा, गेल्या महिन्यात गॅस चालू राहिला होता. आता नळ. मी चौथ्या रविवारी येते आणि तुम्हाला घेऊन जाते. घर बंद करू."

"एकदा विसरलं म्हणून काय झालं?"

"दोनदा. तुम्हीच मोजायला शिकवलंत."

ह्या तीन खोल्या सोडून मुलीच्या घरी कोपऱ्यातल्या पलंगावर जाऊन बसायचं, हे काटेतोलांना मुळीच पटणारं नव्हतं. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असा माणूस. आपलं डोकं ठिकाणावर आहे हे पुराव्याने सिद्ध करायचं त्यांनी ठरवलं. पुरावा कसला? तर गोड पावाचा. सहा जिन्नस, नेमक्या वजनाने, नेमक्या क्रमाने. ज्याचं डोकं फिरलंय त्याला हे जमेल का? आठवड्यातून दोनदा पाव करायचा, सगळं वहीत लिहायचं, आणि मुलगी आली की वही पुढ्यात ठेवायची. शिवाय आयुष्यात पहिल्यांदा पाव बिनबेदाण्यांचा मिळणार होता. तेवढाच काय तो फायदा.

पहिल्या रविवारी दुपारी त्यांनी टॉवेल काढला. दूध, लोणी, साखर, मीठ, मैदा, यीस्ट. मशीन धपधप करत मळायला लागलं, ओट्यावर जरासं सरकलंही. अर्ध्या तासाने टीं टीं झालं तेव्हा ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. "माग, माग," ते पेपरातूनच म्हणाले, "देतोय कोण?" पाव भाजून निवल्यावर त्यांनी सुरी फिरवली आणि काप आडवा पडला.

कापात बेदाणे होते.

भुतंखेतं त्यांच्या मनातसुद्धा आली नाहीत. मनात आली ती मुलगी. म्हणजे आपण स्वयंपाकघरात गेलो, बरणी उघडली, बेदाणे टाकले, परत येऊन पेपर धरला, आणि ह्यातलं काहीच आठवत नाही. नळ राहिला बाजूला, हे तर काट्याचा नायटा झाल्यातलं. त्यांनी तो अख्खा पाव टेलरबाईंना देऊन टाकला.

"अगदी काकूंसारखा झालाय हो," दुसऱ्या दिवशी जिन्यात टेलरबाई म्हणाली. "बेदाणेसुद्धा तेवढेच."

गुरुवारी त्यांनी वहीत मिनिटाचं मिनिट लिहिलं. किती वाजता कोणता जिन्नस, किती वाजता कुठे बसलो, पाणी कधी प्यायलो. पाव कापला. बेदाणे. वहीत बेदाण्यांचा शब्द नव्हता. बायको गेल्यापासून बेदाण्यांची बरणी तिच्या जागी तशीच होती, टाकून द्यायला हात धजला नव्हता. झाकणाला त्यांनी हात लावला, तर अर्धा फेरा सैल. बायको झाकण कधी घट्ट लावायची नाही. ह्यावरून घरात किमान हजार वेळा वाद झाला असेल. काटेतोलांनी झाकण कचकचून आवळलं, बरणी काट्यावर ठेवली, रिकाम्या बरणीचं वजन वजा केलं आणि लिहिलं, बेदाणे दोनशे अठरा.

दुसऱ्या रविवारच्या पावानंतर झाकण पुन्हा अर्धा फेरा सैल होतं आणि बेदाणे भरले एकशे सत्त्याहत्तर.

दोनशे अठरातून एकशे सत्त्याहत्तर गेले. वजाबाकी करायला काटेतोलांना कागद लागत नसे. तरी त्यांनी कागदावर केली. मग कपाटाचं दार उघडून आतली पेन्सिलीची ओळ वाचली. आयुष्यभर लोकांच्या दुकानातला काटा पाहिला, अंगावर आलेला हा पहिलाच.

पण काटेतोल ते काटेतोल. घाबरलेल्या हातानेसुद्धा त्यांनी तपासणी पुरी केली. स्वतःचा पंजा बरणीत घातला आणि दहा मुठी घेतल्या. अठ्ठावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न. थोराड हात, त्यात एकेचाळीस ग्रॅम बसवायचे म्हटलं तर मूठ अर्धी उघडी ठेवावी लागत होती. विसरभोळ्या माणसाने नकळत मूठ घेतली तर ती त्याची स्वतःची असेल ना? दुसऱ्याच्या मापाची मूठ कशी घेईल? हा प्रश्न त्यांनी वहीत लिहिला. उत्तराची जागा रिकामी ठेवली.

त्या आठवड्यात घर वेगळं वाटायला लागलं. तसं काही झालं नाही, म्हणजे भांडी पडली नाहीत की पडदे हलले नाहीत. दुपारचं ऊन ओट्यावर रोज यायचं तसंच यायचं. पण काटेतोल स्वयंपाकघरात शिरताना दारात थांबायला लागले, आत कुणी काम करत असलं की आपण थांबतो तसे. गुरुवारी ते बरणीसमोर खुर्ची टाकून बसले, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून. टीं टीं झालं, दहा वेळा. ते डोळ्यांत तेल घालून बघत होते. बरणी हलली नाही, मशीनचं झाकण उघडलं नाही. फक्त आतला धपधप आवाज एकदम जड झाला, कणकेत काही पडल्यावर होतो तसा. उठून वजन केलं. एकशे छत्तीस.

तिसऱ्या रविवारी त्यांनी खात्यातलं शेवटचं हत्यार काढलं. बरणीच्या झाकणावरून खाली काचेपर्यंत कागदाची पट्टी चिकटवली आणि जोडावर आडवी सही केली. झाकण केसभर फिरलं तरी सही फाटणार. पाव झाला तेव्हा सही जशीच्या तशी होती. झाकण घट्ट होतं. पंचाण्णव.

आता त्यांना भीती वाटायला लागली होती, खरीखुरी. आणि तरी ह्या सगळ्या भीतीत मुलीची भीती सगळ्यात मोठी. सांगावं, तर पोर म्हणणार, बाबा, तुम्हीच टाकता आणि विसरता. लपवावं, तर वहीत खोटं लिहावं लागणार, आणि ते तर त्यांना मेल्यावरसुद्धा जमलं नसतं. वहीतला बघणाऱ्याच्या सहीचा रकाना पहिल्या पानापासून कोरा होता.

शेवटच्या गुरुवारी मळणं सुरू झाल्यावर ते ओट्याजवळ गेले आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा बायकोशी बोलले.

"अगं, ऐक जरा. पोर येतेय रविवारी. मला वेड्यात काढेल. एवढा एक पाव राहू दे ना तसाच."

मशीन मळत राहिलं. टीं टीं झालं. चोपन्न.

"कधी ऐकलंयस माझं?" ते म्हणाले, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण बायकोशी भांडतोय आणि आपल्याला बरं वाटतंय.

रविवारी मुलगी सकाळीच आली. येतानाच दोन रिकाम्या बॅगा घेऊन. तिने आधी नळ बघितले, मग गॅस, मग बापाचा चेहरा. काटेतोलांनी तिच्यासमोर वही ठेवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, काहीही हातचं न राखता. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग हळूच वही मिटली.

"बाबा, हे असं होतं. माणूस एकटा असला की होतं. टाकता तुम्हीच."

"असेल," काटेतोल म्हणाले. "मी नाही म्हणत नाही. पण आजपर्यंत बघणारं कुणी नव्हतं. आज तू आहेस. एक पाव होऊ दे. बेदाणे माझ्याच हातून गेले असं तुझ्या डोळ्यांना दिसलं, तर मी स्वतः बॅग भरतो. हूं की चूं करणार नाही."

मुलगी बापावरच गेलेली. म्हणाली, "चालेल. पण बरणी माझ्याजवळ राहील."

तिने स्वतः वजन केलं, चोपन्न. झाकण स्वतः आवळलं. बापाने सहा जिन्नस घातले, बटण दाबलं आणि तिने सांगितल्याप्रमाणे बाहेरच्या खोलीत खिडकीशी जाऊन उभा राहिला. ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बरणी मांडीत घेऊन बसली, दोन्ही हातांनी धरून. तिथून तिला बापाची पाठ दिसत होती. मशीनची धपधप चालू होती. खाली टेलरबाईंचं शिलाई मशीन अधूनमधून घरघरत होतं.

अर्ध्या तासाने टीं टीं व्हायला लागलं. काटेतोल मनात मोजत होते. सात, आठ, नऊ, दहा.

"बाबा," मुलगी म्हणाली. आवाज अगदी बारीक. "हलकी झाली."

ते वळले. ती तशीच बसली होती, हात तसेच, झाकण तसंच.

"वजन करा," ती म्हणाली. "मला उठता येत नाहीये."

त्यांनी बरणी तिच्या हातातून सोडवून घेतली. बोटं एकेक करून काढावी लागली. काट्यावर तेरा ग्रॅम आले. त्यांनी तिला काटा दाखवला, पुन्हा शून्य केला, पुन्हा दाखवला. मग कपाटाचं दार उघडलं. मुलीने ती ओळ वाचली आणि आईच्या सहीच्या शेपटावर बोट ठेवून बराच वेळ उभी राहिली.

"चला," ती शेवटी म्हणाली. "सामान भरा. आत्ताच निघू. इथे मी तुम्हाला एक तासही ठेवणार नाही."

काटेतोल खुर्चीवर बसले.

"अगं, सकाळी तू आलीस ती मी विसरतो म्हणून मला न्यायला. आता तुझी आई विसरत नाही म्हणून नेतेस?"

मुलगी बॅगेची चेन उघडझाक करत राहिली. तेवढ्यात भाजल्याचा वास सुटला, घरभर. आधी दूध आणि साखर, मग वरची साल. ती बॅगेजवळून उठली आणि खालीच फरशीवर मशीनसमोर बसली, लहानपणी बसायची तशी, गुडघे पोटाशी घेऊन.

"तुम्हाला माहितेय ती बेदाणे का टाकायची?"

"मला चिडवायला."

"नाही हो बाबा." तिला रडू फुटलं. "मी बिनबेदाण्यांच्या पावाला लहानपणापासून हात लावत नाही. ती फोनवर सांगायची, आज टाकलेत हो, अचानक आलीस तर असावेत. दर रविवारी सांगायची. मी म्हणायची, पुढच्या रविवारी नक्की येते. अकरा वर्षं, बाबा. पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी."

अकरा वर्षं ज्या मुठीला आपण खोडी समजत होतो ती लेकीची पाहिलेली वाट होती, हे काटेतोलांच्या काट्यावर कधी आलंच नव्हतं. बरणीत तेरा ग्रॅम उरले होते. पुढच्या मुठीला ते पुरले नसते.

पाव निवला. मुलीने दोन काप उभ्याउभ्याच खाल्ले, डोळे पुसत. मग खाली जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून बेदाण्यांचं पुडकं आणलं आणि बरणीत ओतलं. काट्यावर पाचशे तेरा झाले. तिने वही उघडली आणि शेवटच्या ओळीपुढे, बघणाऱ्याच्या रकान्यात, सही केली. शेवटच्या अक्षराला तीही शेपूट काढते, हे काटेतोलांच्या आजवर लक्षात आलं नव्हतं.

"रोज सकाळी फोन करायचा," ती निघताना म्हणाली. बॅगा रिकाम्याच होत्या. "नळ, गॅस, दोन्ही बघून. आणि भीती वाटली तर सांगायचं."

"वाटते," ते म्हणाले. "पण जायचं नाहीये मला."

गुरुवारी त्यांनी पाव केला. टीं टीं झालं. पाचशे तेरा. रविवारी केला. पाचशे तेरा. पाव अगदी कोरा, एकही खडा नाही, आयुष्यभर मागितला तसा. त्यांनी एक काप खाल्ला आणि बाकीचा तसाच झाकून ठेवला. घर आता नुसतं रिकामं होतं. स्वयंपाकघराच्या दारात थांबावं लागत नव्हतं, आणि तरी ते दोन्ही वेळा थांबले.

त्याच्या पुढच्या गुरुवारी मशीन मागायला लागलं तेव्हा त्यांच्याच्याने ऐकवेना. चौथ्या की पाचव्या टीं ला ते उठले, झाकण काढलं, आपला थोराड पंजा बरणीत घातला आणि गच्च मूठ घेतली. टाकण्याआधी सवयीने काट्यावर धरली, सतरा ग्रॅम काढून ठेवायचे म्हणून.

एकेचाळीस.

ती मूठ त्यांनी बरणीत परत सोडली आणि दुसरी घेतली, बोटं वळतील तेवढी घट्ट. एकेचाळीस. तिसरी घेतली. मशीनचं मागणं थांबलं होतं, दहा झाले होते, तरी त्यांनी झाकण उघडून बेदाणे कणकेवर सोडले. मग खिडकीच्या उजेडात हात उलटापालटा करून पाहिला. हात त्यांचाच होता, नखाजवळचा जुना डाग तिथेच होता. त्यांना भीती वाटली आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

वहीत आकडा लिहून त्यांनी सही केली आणि मुलीला फोन लावला.

"नळ बंद आहे, गॅस बंद आहे," ते म्हणाले. "पण एक वजन आलंय. एकट्याच्या सहीने चालणार नाही."

"पुढच्या," मुलगी म्हणाली, आणि थांबली. "ह्या रविवारी येते."